लेकराला सीएफ, आता साखरही निघाली. भात-तूप बंद करायचं की इन्सुलिन सुरू करायचं?

वावरवाली | १२ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, आर्णी तालुक्यातली. एरवी इथं कपाशी आणि बोंडअळीच्या धाग्यांवर लिहिते. आज पोरासाठी लिहायला बसलेय.

मोठा तेरा वर्षांचा आहे. त्याला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मापासूनचा आजार आहे, आम्ही घरी नुसतं सीएफ म्हणतो. लहानपणी सारखा खोकला, तेलकट आणि फार वास मारणारा संडास, गालाचा मुका घेतला की ओठ खारट. आधी निमोनिया म्हणाले, मग दमा, मग टीबीचा सहा महिन्यांचा कोर्सही झाला. सहाव्या वर्षी घामाची तपासणी झाली तेव्हा क्लोराइड ९८ आलं (६० आणि त्यापुढे म्हणजे हा आजार) आणि कुठं एकदाचं नाव कळलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सुल, दोन वेळा खाऱ्या पाण्याची वाफ, पाठ थोपटणं, सगळं नेमानं चालू आहे.

दिवाळीला २९ किलो होता. मार्चमध्ये २७.४ भरला. ताटात काही कमी नाही, तरी बरगड्या मोजता येतात. रात्री तीनतीनदा लघवीला उठू लागला. गावाजवळच्या दवाखान्यात तीन महिन्यांच्या सरासरीची साखर काढली, ५.८ आली. "काही विशेष नाही, गोड बंद करा" असं सांगून एक गोळी लिहून दिली. मला चैन पडेना. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं, उपाशीपोटी ९६ आणि दोन तासांनी २२८. मॅडम म्हणाल्या, ही सीएफची साखर, इन्सुलिन लागेल आणि खाणं अजिबात कमी करायचं नाही. तूप, शेंगदाणे, भात, अंडी सगळं चालू ठेवा.

आता घरी काय झालंय ते सांगते. सासूबाईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. त्यांनी भात सोडला, बटाटा सोडला, कारल्याचा रस घेतात. त्यांच्या जिवाला लागलंय म्हणूनच, पण त्या पोराच्या ताटातला भात काढून ज्वारीची अर्धी भाकर ठेवतात. "शुगरवाल्याला कुणी तूप देतं का" म्हणतात. शेजारीपाजारीही तेच. आणि एप्रिल सुरू आहे, ४३ डिग्री, दुपारी चारचार तास लाईन नसते. इन्सुलिन ठेवू कुठं?

ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी सांगा. मी कुणाचं ऐकू?

---

पळसफूल | १२ एप्रिल, रात्री १०:४१

ताई, मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय. पोराला आशीर्वाद.

---

सातबारा | १२ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, राग मानू नका. इन्सुलिन एकदा टोचलं की सुटत नाही. आमच्या काकांची साखर ३०० होती. मेथीदाणे, कारलं, सकाळी पाच किलोमीटर चालणं आणि भात बंद, यावर १४० वर आणली. एवढ्या लहान लेकराला सुई लावायच्या आधी सहा महिने पथ्य करून पाहा.

---

लॅबवाला_भाऊ | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

सातबारा भाऊ, काकांचं आणि या लेकराचं गणित वेगळं आहे. ते कुणीतरी डॉक्टर नीट सांगतील. मी माझ्या कामापुरतं बोलतो. १८ वर्षं रक्त तपासतोय, त्यातली बरीच चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात.

त्या ५.८ वर जाऊ नका. तीन महिन्यांची सरासरी म्हणजे तांबड्या पेशीला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून तो हिशोब आहे. आपल्याकडं सिकलसेलच्या रुग्णात पेशी दहा-वीस दिवसांत मोडते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, मग रिपोर्ट खोटा कमी येतो. विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवायलाच हवं. सीएफमध्येही ही तपासणी कमी दाखवते, म्हणून चांगली आली तरी साखर नाही असं म्हणता येत नाही. सीएफच्या मुलांना दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजूनच तपासायचं असा नियम आहे.

आणखी एक. ते ग्लुकोज वजनावर द्यायचं असतं, किलोमागे पावणेदोन ग्रॅम, जास्तीत जास्त ७५. तुमचा मुलगा २७.४ किलोचा, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम. बऱ्याच ठिकाणी ७५ चं अख्खं पाकीट पाजून मोकळे होतात. पुढच्या वर्षी विचारून घ्या.

---

वावरवाली | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

भाऊ, तिथं वजन करून, काट्यावर मोजूनच दिलं होतं. मी म्हटलं एवढं कशाला मोजतात. आता समजलं.

---

डॉ_निंबोणी | १३ एप्रिल, दुपारी २:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच काम करते. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळं डोस वगैरे त्याच्या डॉक्टरांकडूनच. पण हा आजार समजून घ्यायला मदत करते, कारण घरच्यांना पटवायचं तर आधी तुम्हाला पटलं पाहिजे.

कालव्याची चारी डोळ्यासमोर आणा. पाणी पातळ असलं की शेवटच्या वावरापर्यंत जातं. गाळ भरला की चारी तुंबते आणि मागची जमीन चिभडते. सीएफमध्ये शरीरातले स्राव असे घट्ट होतात. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या तुंबतात, अन्न पचवणारे रस आतड्यात पोचत नाहीत, म्हणून तुम्ही कॅप्सुल देता. तिथंच अडकून राहिलेल्या रसानं वर्षानुवर्षं स्वादुपिंड खराब होतं, त्याजागी चरबी आणि वण तयार होतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच शेजारात राहतात. त्याही कमी होतात.

म्हणजे इथं इन्सुलिनच कमी पडतंय. आजीबाईंच्या शुगरमध्ये बहुतेक वेळा इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून वजन आणि खाणं आवरायला सांगतात. गोळीचं तुम्ही नाव दिलं नाही, पण आपल्याकडं सहसा मेटफॉर्मिनच लिहितात. ती या कामाची नाही, उलट भूक मंदावते आणि जुलाब होऊ शकतात. आधीच सुकलेल्या लेकराला ते परवडत नाही.

इन्सुलिन फक्त साखर उतरवतं असं लोकांना वाटतं. ते शरीर बांधणारं संप्रेरक आहे. अन्नातली प्रथिनं स्नायूंत बसवायचं काम त्याचं. ते कमी पडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन घटतं, छातीचे स्नायू अशक्त होतात, खोकून कफ बाहेर पडत नाही, संसर्ग वाढतो. सीएफमध्ये साखर कळायच्या दोनतीन वर्षं आधीपासूनच वजन आणि फुफ्फुसाची ताकद घसरू लागलेली असते. तुम्ही दिवाळीपासूनची घट टिपलीत आणि ५.८ पाहून गप्प बसला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

उपाशीपोटीची साखर ९६ पाहून कुणी "नॉर्मल आहे" म्हणालं तर ऐकू नका. या आजारात साखर आधी जेवणानंतर चढते. दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

सातबारा, पथ्यावर सहा महिने काढणं म्हणजे या मुलाचे आणखी दोन किलो घालवणं. इन्सुलिनची सवय लागत नाही. जे शरीर बनवत नाही ते बाहेरून द्यावं लागतं, एन्झाइमच्या कॅप्सुलसारखंच.

---

तर्रीपोहे | १३ एप्रिल, दुपारी ३:१०

डॉक्टर मॅडम, एक शंका. मी वाचलं होतं की रेपाग्लिनाइड नावाची गोळी सीएफमध्ये वापरून पाहिली आहे. मग गोळी सरसकट चुकीची कशी?

---

डॉ_निंबोणी | १३ एप्रिल, रात्री ९:००

बरोबर वाचलंत. २००९ मध्ये एक अभ्यास आला, त्यात जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांचं घसरतं वजन सावरलं, रेपाग्लिनाइडवाल्यांचं सुरुवातीला वाढलं पण टिकलं नाही. २०१८ मध्ये युरोपातल्या दुसऱ्या अभ्यासात नव्यानं निदान झालेल्यांमध्ये साखरेच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक दिसला नाही. त्यामुळं तज्ज्ञांत चर्चा आहे. तरी मार्गदर्शक सूचना इन्सुलिनच्याच बाजूनं आहेत, आणि वजन घटलेल्या वाढत्या वयाच्या मुलात मी तरी इन्सुलिनच निवडेन.

---

वर्धेकर_२६ | १३ एप्रिल, रात्री ११:३०

ताई, मी वर्धा जिल्ह्यातला. माहं वय २६. मले हाच आजार हाय, अन् साखर १७ व्या वर्षी निघाली. मोबाईलवर लिहून राहिलो, बोलतो तसंच लिहितो.

तुमच्या पोट्ट्याले सांगा का मी जित्ता हाय, बीए झालो, दुकान चालवतो. त्याले हे आईकून बरं वाटन.

माह्या टायमाले कोनालेच समजलं नाही. बारावीत व्हतो, वजन ४४ चं ३९ झालं. सारे म्हनत, अभ्यासाचं टेन्शन. दोनदा छाती भरली, भरती झालो, सलाईनमधून औषधं चालली तवा कोनंतरी साखर पायली, २८० निघाली. इन्सुलिन सुरू झालं अन् चार महिन्यात वजन परत. खोकला बी कमी. मले वाटलं व्हतं सुई म्हनजे संपलं. उलटं झालं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, छाती भरली का साखर चढते, स्टेरॉइड देलं तं लैच चढते. तवा डोस बदलतो, म्हनून तब्येत बिघडली का लगेच डॉक्टरले फोन. भरती झालं तं जेवल्यावर दोन तासानं साखर पाहाले सांगा, आपन सांगतल्याशिवाय कोनी पाहात नाही.

दुसरं, साखर उतरते ते. मी यष्टीत व्हतो, हिंगनघाटहून येत व्हतो, उभा. इन्सुलिन टोचून निंगालो अन् जेवन राहून गेलं. मे महिना. घाम फुटला. मले वाटलं उन्हाचा घाम हाय. मंग हात थरथरले, तिकिटाचे अक्षरं दिसेना, कंडक्टरवर उगाच चिडलो. बाजूच्या बुढीनं पिशवीतून संत्र काढून देलं अन् म्हने, "बाबू, तोंड पांढरं पडलं तुहं, खा." दोन संत्रे खाल्ले तवा मानसात आलो. तवापासून खिशात ग्लुकोजची पुडी राहतेच. अन् जेवन समोर आल्याशिवाय सुई नाही.

---

बकुळ | १४ एप्रिल, सकाळी ८:०५

वर्धेकर दादा, तुमचं वाचून डोळे भरले. त्या आजीला नमस्कार.

माझी मुलगी टाइप १ मधुमेहाची, तीही इन्सुलिन घेते, त्यामुळं साखर उतरण्याचा अनुभव आहे. ७० च्या खाली गेली की तीन सपाट चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका. तुपानं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शाळेत वर्गशिक्षकांकडं एक डबी आणि कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून ठेवा. माझ्या मुलीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींना शिकवलंय, शिक्षकांपेक्षा त्याच आधी ओळखतात.

---

ज्वारीचं_कणीस | १४ एप्रिल, सकाळी १०:३०

इन्सुलिन ठेवायचं मी सांगतो. माझी आई घेते, गाव दिग्रसजवळ, लाईनचा तोच खेळ.

न फोडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणाला चिकटवू नका, एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून चालत नाही. चालू बाटली चार आठवडे बाहेर चालते, पण ती २५-३० डिग्रीच्या खोलीत. आपली टिनाची खोली मेमध्ये भट्टी असते.

मोठं मडकं घ्या, त्यात रेती, रेतीत लहान मडकं. रेती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. आत बाटली डबीत घालून ठेवायची, पाण्यात बुडवायची नाही. वर ओला गोणपाट, आणि मडकं वाऱ्याला पण सावलीत. आम्ही थर्मामीटर घालून पाहिला, बाहेर ४४ असताना आत २७. आपली उन्हाळी हवा कोरडी म्हणून हे जमतं. मृगाचा पाऊस लागला की पाणी उडत नाही आणि मडकं गार होत नाही, पण तेव्हा बाहेरचंही उतरलेलं असतं. ऑटोत किंवा मोटरसायकलच्या डिकीत कधी ठेवू नका.

---

लॅबवाला_भाऊ | १४ एप्रिल, दुपारी १२:१५

मडक्याचा सल्ला चांगला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठानं केनियातल्या डागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान धरून तपासलं होतं, २०२१ मध्ये छापून आलं. २५ ते ३७ डिग्रीत वरखाली होत राहिलं तरी इन्सुलिन चार आठवडे टिकलं. म्हणजे मडक्यात सत्तावीस-अठ्ठावीस राहिलं तर घाबरू नका.

पण मला भीती वाटते ती सिरिंजची. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, एका मिलीत ४० युनिट. पेनमधलं १०० चं. सिरिंजही दोन जातीच्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट जातं. उलटं केलं तर अर्ध्याहून कमी. मेडिकलवाला "हीच आहे, घेऊन जा" म्हणेल, तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय घरी आणू नका.

---

वावरवाली | १४ एप्रिल, रात्री ९:५०

भाऊ, आत्ता उठून पाहिलं. बाटली ४० ची, टोपी लाल. हायसं वाटलं.

आज पहिली सुई झाली. मी टोचणार होते, माझेच हात कापत होते. पोरगा म्हणाला, "आई, दे इकडं." मॅडमनी दवाखान्यात संत्र्यावर शिकवलं होतं, त्यानं पोटाची चिमूट धरली आणि टोचून घेतली. मग म्हणाला, संत्र्यापेक्षा सोपं आहे.

---

तर्रीपोहे | १४ एप्रिल, रात्री १०:०२

वाघ आहे पोट्टा.

---

सातबारा | १४ एप्रिल, रात्री १०:४०

मी परवा जे लिहिलं ते मागं घेतो, ताई. काकांचं औषध लेकराला सांगायला नको होतं. आर्णीहून यवतमाळला नेण्या-आणण्याची अडचण असली तर सांगा, माझा भाऊ रोज दूध घेऊन जातो, गाडीत जागा असते.

---

डॉ_निंबोणी | १५ एप्रिल, दुपारी १:२०

उन्हाचा विषय निघालाच आहे तर मिठाचंही सांगते, कारण विदर्भातल्या सीएफच्या मुलांसाठी ते साखरेइतकंच मोठं आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा पाणी आटून भरती झालेल्या लेकरांत सीएफची बरीच निघाली. त्यावरूनच पुढं कळलं की यांच्या घामात मीठ जास्त जातं, आणि घामाची तपासणी आली. ती लाट आपल्या मे महिन्यापुढं काही फार मोठी नसेल.

तेव्हा तुमच्या मुलाला मीठ जास्तच हवं. सासूबाईंना बीपी असेल तर त्यांच्या पथ्यात मीठ कमी असणार, तेही याच्या ताटात येऊ देऊ नका. मीठ घातलेलं ताक, लोणचं, खारे शेंगदाणे, आंबील. साखर चढली की लघवी वाढते, घामानं मीठ जातं, दोन्ही बाजूंनी लेकरू सुकतं. उलटी किंवा फार सुस्ती आली तर घरी वाट पाहू नका.

खाण्याचं म्हणाल तर भात, पोळी, भाकरी सगळं द्या, इन्सुलिन त्याच्या बेतानं. शीतपेयं, सरबत, उसाचा रस, नुसता गोड चहा हे मात्र टाळा. त्यानं साखर झरकन चढते आणि अंगी काही लागत नाही. ओआरएस मात्र डॉक्टरांनी सांगितलं तर नक्की द्या. आणि कॅप्सुल विसरू नका. कॅप्सुल चुकली तर अन्न पचत नाही, इन्सुलिन मात्र काम करून जातं, मग साखर उतरू शकते.

---

पळसफूल | १५ एप्रिल, दुपारी ४:००

मग पोळ्याला पुरणपोळी?

---

वर्धेकर_२६ | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

खातो ना! तुपात बुडवून. दोन पोया खायच्या तं दोन पोयाचं इन्सुलिन अन् कॅप्सुल बी वाढवून. डॉक्टरनं हिशोब शिकवला. माही माय पाठ थोपटे तवा शेजारचे म्हनत, आज डफडं कायले वाजून राहिलं? आता मीच पोट्ट्यायले शिकवतो डफडं कसं वाजवाचं ते.

---

बकुळ | १६ एप्रिल, सकाळी ९:२५

परदेशात ती नवी तिहेरी गोळी आली आहे ना, मूळ दोषावरच काम करणारी? तिनं साखरही सुधारते म्हणतात.

---

डॉ_निंबोणी | १६ एप्रिल, रात्री ८:४५

हो, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. काहींची साखर सुधारते, पण इन्सुलिन सुटेलच असं नाही. ती ठराविक जनुकदोषावर चालते. युरोपात सगळ्यात जास्त आढळणारा दोष आपल्याकडं त्यामानानं कमी दिसतो, म्हणून आधी जनुकतपासणी लागते. किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीएफचा उल्लेख आहे आणि मुंबईचं केईएम त्या धोरणातलं एक केंद्र आहे. वावरवाली ताई, मुलाची जनुकतपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत विषय काढा. पण त्यासाठी इन्सुलिन थांबवू नका.

---

वावरवाली | २९ जून, रात्री ९:३०

धागा खाली गेला होता, वर आणतेय. पेरणीत होते, म्हणून उशीर.

काल वजन केलं. २९.८. दिवाळीच्याही पुढं गेला. रात्रीचं उठणं थांबलं. एकदा साखर ६२ झाली होती, वावरात बैलांमागं फिरत होता, घाम आला तर म्हणाला "आई, हा उन्हाचा नाही." वर्धेकर दादांची एसटीची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली होती, त्यावरूनच ओळखलं त्यानं. ग्लुकोजची पुडी खिशात होती.

सासूबाईंना डॉक्टर मॅडमचं चारीवालं उदाहरण वाचून दाखवलं. त्यांची उभी हयात ओलितात गेली. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे याची चारीच तुंबली, माही तशी नाही." भात परत ताटात आला. आता त्या साखर मोजायच्या मशीनचा आवाज ऐकून विचारतात, "किती आली बाबू?" आणि रेतीचं मडकं ओलं करायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलंय. मला हात लावू देत नाहीत.

कणीस भाऊ, पाऊस लागलाय. मडक्यात आज २९ आहे, बाहेर ३१. मडकं चालू ठेवू की चालू बाटली सरळ फ्रिजमध्ये टाकू? लाईन आता दुपारी फक्त दीड तास जाते.

---

ज्वारीचं_कणीस | २९ जून, रात्री १०:१०

फ्रिजमध्ये टाका, मधल्या कप्प्यात. टोचायच्या आधी पंधरावीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, गार टोचलं की झोंबतं. आणि बाटली फोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवा. मडकं धुवून उलटं घालून ठेवा, मार्चमध्ये पुन्हा लागेल.